ट्यूब ॲम्पचा आवाज हरवतो कुठे, आणि परत आणायचा कसा

गोव्यात फोंड्याजवळच्या एका लॉनवर लग्नाचा कार्यक्रम होता. माझा गिटारचा १५ वॉटचा ट्यूब ॲम्प (जुन्या रेडिओसारखा, काचेच्या ट्यूबवर चालणारा) ड्रमच्या शेजारी गवतावर ठेवलेला, व्हॉल्यूम दहावर. दुसऱ्याच गाण्यात बेसवाला माझ्याकडे वळून ओरडला, "आयकूंक येना रे!" मी नॉबकडे पाहिलं. दहाच्या पुढे जायला जागाच नव्हती. त्या रात्री घरी परतताना मनाशी पक्कं केलं की आता १०० वॉटचा घ्यायचा.

घेतला नाही, हे बरं झालं. त्याच ॲम्पवर मी पुढे हॉल, जत्रेचा मंच, हॉटेलची गच्ची, सगळं निभावलं. जे सर्वांत जास्त उपयोगी पडलं त्याला एक रुपयाही लागला नाही. म्हणून इथे क्रम तसाच ठेवला आहे: आधी फुकटचं, मग थोड्या पैशांचं, आणि खर्चाचं शेवटी.

वॉटचं गणित

वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो "थोडा मोठा" वाटतो, इतकंच. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॉट दहापट. माझ्या १५ वॉटच्या दुप्पट ऐकू यायचं तर १५० वॉट हवेत. आणि १०० वॉटचा ॲम्प ५० वॉटच्या पुढे जातो तो तीनच डेसिबलने. वजन आणि किंमत मात्र भरपूर पुढे जातात.

दुसरा हिशेब उघड्या मैदानाचा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. हॉलमध्ये भिंती आणि छत आवाज परत देतात, लॉनवर तो आकाशात जातो. त्या दिवशी ॲम्पमध्ये दोष काहीच नव्हता. चुकलं होतं ते ॲम्प ठेवणं आणि नॉब लावणं, दोन्ही.

आधी भिंतीवरचा प्लग

कार्यक्रमाला जाताना गिटारच्या पिशवीत एक साधा मल्टिमीटर ठेवा. बोर्डात फेज आणि न्यूट्रल यांच्यात २२० ते २४० व्होल्ट दिसले पाहिजेत. फेज आणि अर्थ यांच्यातही जवळजवळ तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-चार व्होल्ट चालतात. फेज-अर्थमध्ये ऐंशी-शंभर असा तरंगता आकडा आला तर अर्थची पिन शोभेला आहे असं समजा.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. एका जत्रेत नाटकाआधी आमची दोन-तीन गाणी होती. ॲम्प एका एक्स्टेन्शन बोर्डावर, मिक्सर मंडपाच्या दुसऱ्या टोकाच्या लाइनवर. डावा हात तारांवर ठेवून मी माईकजवळ तोंड नेलं आणि ओठाला असा चटका बसला की पहिली ओळ गिळून टाकली. गिटारच्या तारा ॲम्पच्या चॅसीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात. ॲम्पला अर्थ नसेल तर चॅसीवर साचलेलं व्होल्टेज तुमच्या अंगातून माईककडे वाट काढतं. तेव्हापासून मंचावरचं सगळं एकाच, अर्थ असलेल्या बोर्डावर. घूं-घूं थांबवायला तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर त्याचा हात त्या माईकला लावून बघा, असं म्हणावंसं वाटतं; म्हणू नका, पण पिन काढू नका.

व्होल्टेजचा टोनशी थेट संबंध आहे. जनरेटर दमला आणि २३० चे १९० झाले तर ॲम्पच्या आतली सगळी व्होल्टेजेस त्याच प्रमाणात खाली येतात. १५ वॉटचे साधारण १० उरतात. ट्यूबचा हीटर ६.३ व्होल्टसाठी केलेला असतो, तो ५.२ वर येतो. डेसिबलमध्ये तोटा दोनपेक्षाही कमी, पण स्वर मऊ, ओला, दबका होतो, आणि आपण उगाच नॉब फिरवत बसतो. व्होल्टेज सारखं वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर घ्या.

गोव्यात आणखी एक खास प्रकार दिसतो. घरातला कोणी तारवटी बोटीवरून सुटीला येताना अमेरिकन ॲम्प घेऊन येतो. तो १२० व्होल्टचा असतो. सरळ २३० मध्ये घातला की फ्यूज उडाला तर नशीब. त्याला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो ॲम्पच्या मागे लिहिलेल्या वापराच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्यावा. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची, त्यामुळे फक्त तिकडच्या विजेसाठी बनवलेला ॲम्पच्या आतला ट्रान्सफॉर्मर इथे जास्त तापतो. तासाभराने त्याच्या बाजूला हात लावून बघायची सवय ठेवा.

बियरचा रिकामा क्रेट

फुकटातला सर्वांत मोठा फायदा इथे आहे. १२ इंची स्पीकर वरच्या पट्टीचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ समोर फेकतो. ॲम्प जमिनीवर असेल तर हा झोत तुमच्या पोटऱ्यांना लागतो. कानापर्यंत पोचतो तो बोथट भाग, म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि समोर दहा फुटांवर बसलेल्या मावशी कानात बोटं घालतात.

ॲम्प क्रेटवर किंवा खुर्चीवर ठेवा आणि थोडा मागे कलवा, म्हणजे झोत तुमच्या कानाकडे येईल. पोकळ लाकडी मंचावर क्रेटचा दुसराही उपयोग होतो. फळ्या बेससोबत घुमत नाहीत. ॲम्प मागून उघडा असेल तर पाठीमागे भिंतीपासून हातभर जागा सोडा, मागून निघालेला आवाज भिंतीवरून परत येतो. कोपऱ्यात मात्र ठेवू नका. कोपरा बेस फुगवतो आणि स्वर गढूळ करतो. ड्रमवाल्याच्या झांजेपासून दूर, शक्यतो त्याच्या हाय-हॅटच्या (पायाने मिटणाऱ्या झांजेच्या जोडीच्या) विरुद्ध बाजूला उभे राहा. हे सगळं करायला पाच मिनिटं लागतात. पुढच्याच लग्नात मी एवढंच केलं आणि व्हॉल्यूम सहावर आणावा लागला.

घुमटाने शिकवलेलं मिड

चवथीला (गणेशचतुर्थीला) मामाच्या घरी घुमट आरती असते. दोन घुमट (मातीच्या मडक्याचं चर्मवाद्य), एक शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), कासाळे (झांजा) आणि पंधरा-वीस गळे. एका वर्षी हौसेने मी ॲम्प घेऊन बसलो. घरी खोलीत जुळवलेली सेटिंग होती: बेस आठ, ट्रेबल आठ, मिड (मधला पट्टा) दोन. एकट्याने वाजवताना काय सुंदर वाटायचं! आरती सुरू झाली आणि गिटार नाहीशीच झाली. घुमटाची घूम खाली सगळं व्यापून, कासाळ्यांची किणकिण वर सगळं व्यापून. मी वाजवत होतो नेमकं तिथेच, जिथे आधीच गर्दी होती. मधली जागा मोकळी होती आणि तीच मी घरी कापून आलो होतो. मिड आठवर नेला, बेस तीनवर आणला, तेव्हा मामाने मान वळवून पाहिलं.

बँडमध्ये हेच होतं. खाली बेस गिटार आणि बास ड्रम, वर झांजा. गिटार ऐकू येते ती साधारण ५०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झ या पट्ट्यात. शिवाय हळू आवाजात आपल्या कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, म्हणून खोलीत आपण ते दोन्ही वाढवून ठेवतो. मंचावर आवाज वाढला की तीच सेटिंग फुगलेली आणि टोचरी होते. घरची सेटिंग मंचावर नेऊ नका.

माझी पद्धत अशी. तिन्ही नॉब पाचवर ठेवायचे. बेस तीनपर्यंत खाली. ट्रेबल टोचणार नाही इतका. मिड सात-आठ. मग सगळ्यांसोबत एक पूर्ण गाणं वाजवायचं, एकट्याने नाही, आणि त्यानंतर गरज वाटली तरच बेस अर्ध्या-अर्ध्या घराने वाढवायचा. बेस ॲम्पची ताकदही सर्वांत जास्त खातो. तो कमी केला की उरलेल्या वॉटमध्ये स्वच्छ आवाजाला जागा मिळते. मिडचा नॉबच नसेल, फेंडर डिलक्स रिव्हर्बसारख्या ॲम्पवर तो नसतो, तर बेस आणि ट्रेबल दोन्ही खाली घ्या. मधला पट्टा आपोआप पुढे येतो, मग व्हॉल्यूम वाढवून घ्या. हे नॉब एकमेकांत गुंतलेले असतात, एक हलवला की दुसऱ्याचा परिणाम बदलतो, म्हणून आकड्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवा.

एकट्याने वाजवताना हा टोन नाकातला, थोडा कुरूप वाटेल. वाटू दे.

गेन, मास्टर आणि "दहा"चा भ्रम

व्हॉल्यूमचा नॉब सरळ रेषेत वाढत नाही. बहुतेक ॲम्पमध्ये चार-पाचपर्यंत स्वच्छ आवाज जवळजवळ संपतो. पुढे वाढतं ते फाटणं आणि दबणं. दहावर ॲम्प ओरडत नसतो, धापा टाकत असतो.

ज्यात गेन (सुरुवातीचा सिग्नल वाढवणारा) आणि मास्टर (शेवटचा आवाज ठरवणारा) असे दोन नॉब आहेत तिथे स्वच्छ आणि मोठा आवाज हवा असेल तर मास्टर पूर्ण उघडा आणि गेनने आवाज ठरवा. बहुतेक जण उलट करतात: गेन आठ, मास्टर तीन. त्यात डिस्टॉर्शन सगळं सिग्नल आधी वाढवणाऱ्या लहान प्रीॲम्प ट्यूबमधून येतं, मधमाशीच्या घूं-घूंसारखं, आणि स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवर ट्यूब झोपून राहतात. ट्यूब ॲम्पसाठी आपण जे पैसे मोजतो ते पॉवर ट्यूब जाग्या करण्याचे.

सोलोच्या वेळी आवाज वाढत नाही ही तक्रार नेहमीची. बूस्ट पेडल ॲम्पच्या आधी लावलं आणि ॲम्प आधीच फाटत असेल, तर आवाज वाढणारच नाही, फक्त जास्त फाटेल. तेच बूस्ट किंवा ईक्यू पेडल इफेक्ट्स लूपमध्ये (प्रीॲम्प आणि पॉवर ट्यूब यांच्यामधल्या जॅकमध्ये) लावा, तिथे ते खरंच आवाज वाढवतं, अर्थात पॉवर ट्यूबमध्ये जागा शिल्लक असेल तर. लूप नसेल तर गिटारचा व्हॉल्यूम सातवर ठेवून कॉर्ड वाजवा आणि सोलोला दहावर न्या. ट्यूब स्क्रीमर जातीची पेडल याच कामी येतात: ड्राइव्ह जवळजवळ शून्य, लेव्हल पूर्ण. ती बेस कापतात आणि ७२० हर्ट्झच्या आसपासचा मिड पुढे काढतात, म्हणून गर्दीतून वाट निघते.

गिटारकडूनही थोडं घ्यायचं आहे. पिकअप (तारांचा कंप पकडणारी चुंबकं) तारांच्या जवळ आणले की सिग्नल वाढतो. शेवटचा फ्रेट दाबून दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करा. स्ट्रॅटमध्ये (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये) फार जवळ आणलं तर चुंबक तारा ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो. आपल्या घामट हवेत तारा लवकर मरतात, महत्त्वाच्या कार्यक्रमाआधी नव्या घाला. केबल लांब असेल तर ट्रेबल गळतो, दहा मीटरची वेटोळी घेऊन फिरू नका.

स्पीकर: पैसे खर्चायचे तर इथे

स्पीकरच्या कागदावर संवेदनशीलतेचा आकडा असतो: एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. ९५ चा स्पीकर काढून १०० चा बसवला तर ५ डेसिबल मिळाले, म्हणजे ॲम्पचे वॉट तिपटीहून जास्त केल्यासारखं. सेलेस्चनचा ग्रीनबॅक ९८ च्या आसपास आहे, व्हिंटेज ३० हा १०० चा. पैसे देऊन केलेल्या बदलांत माझ्या ॲम्पवर हाच सर्वांत मोठा ठरला, फक्त टोनही बदलतो हे ध्यानात ठेवा. व्हिंटेज ३० चा वरचा मिड काहींना कर्कश वाटतो. मलाही पहिल्या आठवड्यात वाटला. नवा स्पीकर ताठ असतो, काही तास मोठ्याने वाजवल्यावर मोकळा होतो.

ॲम्प आणि स्पीकर यांचे ओहम (विजेला होणारा अडथळा) जुळलेच पाहिजेत. आठच्या जागी आठ. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ होतात, १६ चे दोन जोडले की ८. स्पीकरची क्षमता ॲम्पच्या निदान दुप्पट घ्या, कारण १५ वॉटचा ॲम्प फाटत असताना १५ च्या वर जातो. स्पीकरला गिटारची केबल लावायची नाही. तिची आतली तार बारीक असते, एवढा करंट तिच्यासाठी नाही. आणि स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प कधीही वाजवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधली ऊर्जा जायला जागा न मिळाल्याने आत मोठं व्होल्टेज उसळतं आणि ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. हेडफोन लावून शांतपणे वाजवू म्हणून स्पीकरची वायर काढणारे असतात, म्हणून सांगितलं.

ट्यूब, अर्थात व्हॉल्व्ह

आमच्याकडचे जुने रेडिओ दुरुस्त करणारे यांना व्हॉल्व्हच म्हणायचे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एकेकाळी व्हॉल्व्ह बनवले, आणि जुन्या मेकॅनिकच्या डब्यात अजून एखादा सापडतो. असा माणूस तुमच्या गावात असेल तर त्याच्याशी ओळख ठेवा. गिटारचा "टोन" त्याला पटणार नाही, पण ४०० व्होल्टजवळ हात कसा न्यायचा ते त्याला ठाऊक असतं. हे महत्त्वाचं, कारण ट्यूब ॲम्पच्या फिल्टर कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही जीव घेण्याइतकं व्होल्टेज राहू शकतं. बाहेरून ट्यूब बदलणं आपण करायचं, चॅसी उघडणं त्याने.

ट्यूब दमली हे ओळखायचं कसं? आवाज हळूहळू कमी होतो, बेस ढिला पडतो, वरचा चटका जातो. पॉवर ट्यूबची आतली राखाडी प्लेट लालबुंद दिसली तर तत्काळ बंद करा. एखादा स्वर वाजवला की किणकिण ऐकू येते, तेव्हा पेन्सिलीच्या टोकाने एकेक प्रीॲम्प ट्यूब हलकेच टिचकवा. जी स्पीकरमधून टणटण बोलते ती खराब. नियमित कार्यक्रम असतील तर पॉवर ट्यूब वर्ष-दोन वर्षांत बदलाव्या लागतात, प्रीॲम्पच्या कितीतरी जास्त टिकतात.

प्रीॲम्पच्या पहिल्या जागी बहुधा १२एएक्स७ ही ट्यूब असते, तिचा गुणक (सिग्नल किती पट वाढवते तो आकडा) १००. तिथे १२एवाय७ घातली तर तो ४५ च्या आसपास येतो. आवाज वाढत नाही, उलट नॉब जास्त फिरवावा लागतो, पण फाटण्याआधीची स्वच्छ वाट लांब होते. फार लवकर फाटणाऱ्या ॲम्पला हा स्वस्तातला इलाज आहे.

पॉवर ट्यूब नेहमी जोडीने, एकमेकांशी जुळवलेल्या घ्या. बायस म्हणजे काही वाजत नसतानाही ट्यूबमधून किती करंट वाहायचा ते ठरवणं. व्हॉक्स एसी३० सारख्या कॅथोड-बायस ॲम्पमध्ये तो आपोआप ठरतो, नव्या ट्यूब घातल्या की काम झालं. फिक्स्ड-बायस असेल तर बायस लावून घ्यावा लागतो. हिशेब असा: ईएल३४ या पॉवर ट्यूबची प्लेट २५ वॉट सोसते, तिचे ७० टक्के म्हणजे १७.५. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर १७.५ भागिले ४५०, म्हणजे प्रत्येक ट्यूबला साधारण ३९ मिलिॲम्पिअर. हा आकडा मेकॅनिकला विचारा. बायस फार थंड असेल तर स्वर पातळ आणि कोरडा येतो, फार गरम असेल तर ट्यूब लवकर जळतात.

पावसाळा

जून ते सप्टेंबर ॲम्प कोपऱ्यात झाकून ठेवला तर चवथीला तो खरखरत उठतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवा, ट्यूबची उष्णताच आतली ओल घालवते. नॉब फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून वीस-पंचवीस वेळा फिरवा. ट्यूबच्या पिना काळवंडल्या असतील तर प्लग काढून, पूर्ण थंड झाल्यावर, ट्यूब सरळ वर ओढून दोन-तीनदा आत-बाहेर करा. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वाजवून आलात तर खारी हवा सोबत येते. घरी आल्यावर जाळी आणि जॅक कोरड्या फडक्याने पुसा. विजा चमकायला लागल्या की बटण नव्हे, प्लगच काढायचा.

दहाच्या नंतर

ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद असतात. सणासुदीसाठी सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सूट देऊ शकतं. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. म्हणून गोव्यात वाजवणाऱ्याला मोठा आवाज जितका हवा तितकाच हळू आवाजातला चांगला टोनही हवा.

पाच वॉटचा ॲम्प घेतला की प्रश्न सुटला असं समजू नका. तो १५ वॉटपेक्षा पाचही डेसिबलने खाली नाही. ॲटेन्युएटर हा खरा उपाय. तो ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसतो आणि जास्तीची ताकद उष्णतेत घालवतो. ओहम इथेही जुळवायचे. फार दाबला तर स्वर चपटा होतो, कारण स्पीकरचा कागदी पडदा हलेनासा होतो. माझ्या कानाला आठ-दहा डेसिबलपर्यंत ठीक वाटतं.

आणि मोठ्या लॉनवर सरळ माईक लावा. त्यात कमीपणा नाही. शुअर एसएम५७ जाळीपासून बोटभर अंतरावर, मधल्या गोल टोपीच्या कडेवर रोखून. मध्याकडे सरकवला की स्वर तीक्ष्ण, बाहेर सरकवला की गडद. साऊंडवाल्याला सांगून तुमच्या मॉनिटरमध्येही थोडी गिटार मागून घ्या. ॲम्पचं काम मग एवढंच: तुम्हाला गोड वाटेल तिथे, पाच-सहावर, फाटण्याच्या कडेवर उभं राहायचं.

कार्यक्रम संपला की आधी व्हॉल्यूम शून्य, मग स्टँडबाय असेल तर तो, मग पॉवर. तापलेली ट्यूब धक्का सहन करत नाही, आणि आमच्याकडे ॲम्प घरी जातो तो स्कूटरच्या पायदानावर बसून. म्हणून आधी केबल गुंडाळायच्या, पेडल पिशवीत घालायची, ड्रमवाल्याला त्याचे स्टँड उचलायला मदत करायची. तो शेवटची झांज पिशवीत घालेपर्यंत काच हाताला लागण्याइतकी थंड झालेली असते.